छत्तीस मिनिटांचा उजेड

१

शुक्रवारी सकाळी मनकर्णाबाईने रुईच्या ढिगात हात घातला आणि तिच्या हाताला दुसरा हात लागला.

उत्तमरावांच्या अकोल्याच्या कापसाच्या जिनात ती बावीस वर्षं राबत होती. सरकी वेगळी करणाऱ्या रेच्यातून निघालेली रुई कवेत घ्यायची आणि गाठी बांधायच्या खोलीत नेऊन टाकायची, हे तिचं काम. त्या ढिगात काय काय सापडतं ते तिला ठाऊक होतं. कधी सरकी, कधी विळा, एकदा तर जिवंत नागही निघाला होता. पण हा हात गार होता आणि त्याच्या बोटात लाल खड्याची अंगठी होती. हजेरीच्या वेळी ते बोट रोज सगळ्या बायांच्या नाकासमोर नाचायचं, त्यामुळे अंगठी कुणाची हे विचारायची गरज नव्हती.

ती ओरडली नाही. शांतपणे तिने वरची रुई बाजूला केली. मालकांच्या तोंडात आणि नाकात रुई कोंबलेली होती. अंगावर जखम नव्हती. कुणीतरी त्यांना तोंडावर पाडून, पाठीवर बसून, ते थंड होईपर्यंत ढिगात दाबून धरलं होतं. उजव्या हाताची मूठ घट्ट वळलेली होती. फौजदार बापूसाहेबांनी ती उघडली तेव्हा आतून रुईचे पुंजके आणि वीतभर सुताचा तुकडा निघाला.

"सूत दिसते साहेब," मनकर्णाबाई म्हणाली.

"कापसाच्या कारखान्यात सूत नाही सापडणार तर काय मिरच्या सापडतील?" बापूसाहेब तिच्या अंगावर खेकसले. ते मूळचे कोकणातले, बदलीवर आलेले. तरी पंचनाम्यात त्यांनी सुताचा तुकडा लिहिला आणि पाकिटात घालून ठेवला. तेवढे ते नेकीचे होते.

गुरुवारी संध्याकाळी पाचला भोंगा झाला तेव्हा उत्तमराव कचेरीच्या दारात उभे असलेले साऱ्यांनी पाहिले होते. सहाला पहारेकरी आला तेव्हा कचेरी बंद होती, आणि रात्रभर त्याने फाटकातून कुणाला आत-बाहेर जाऊ दिलं नव्हतं. म्हणजे खून झाला तो पाच ते सहाच्या दरम्यान. आणि खुनी कोण, हे जिनाने त्याच सकाळी ठरवून टाकलं. कापसाची पारख करणारा अब्दुल रहीम गुरुवारी सकाळी मालकांशी कडाकडा भांडला होता आणि दुपारपासून बेपत्ता होता.

भांडण कशावरून, तेही सर्वांना माहीत होतं. गेल्या मार्गशीर्षात रेच्यांच्या खोलीला आग लागली. आत सात बाया होत्या. काम पुरं होण्याआधी कुणी निघू नये म्हणून दाराला बाहेरून कुलूप घातलेलं होतं. सातही जळाल्या. त्यांत मनकर्णाबाईची एकुलती जयवंता होती, एकोणीस वर्षांची. कुलूप कुणी घातलं आणि किल्ली कुणाकडे होती, हे चौकशीत कुणीही सांगितलं नाही. रहीम तेवढा वर्षभर विचारत राहिला.

संशय घ्यावा असा, कचेरीत मुक्त वावर असलेला दुसरा माणूस म्हणजे मॅनेजर केशवराव. पण ते अकोल्यातच नव्हते. गुरुवारी रुईच्या नमुन्यांची पेटी घेऊन ते विमानाने कराचीला जाणार, हे आठवडाभर आधीपासून जिनातल्या पोरासोरांनाही पाठ होतं. १९३८ साल होतं. अकोल्याच्या माळावर विमान उतरणं म्हणजे जत्राच.

सोमवारी सकाळी केशवराव स्टेशनावरून टांग्याने घरी आले. त्याच दुपारी रहीमही स्टेशनावर उतरला आणि फौजदारांनी त्याला फलाटावरच धरलं. दोघांनाही एकच प्रश्न विचारला गेला: गुरुवारी संध्याकाळी कुठे होतास?

दोघांनीही एकच उत्तर दिलं. विमानात.

त्या विमानात वैमानिकामागे खुर्ची होती एक.

२

अमरावतीचे वकील मोरोपंत यांनी ही हकिगत रहीमच्या बायकोच्या तोंडून ऐकली. नसीमबानो अकोल्याहून बडनेऱ्याला आणि तिथून अमरावतीला आली होती. ओसरीच्या खांबाला टेकून उभी राहिली. बस म्हटलं तरी बसेना.

"अकोल्यातला एकही वकील त्याइचे कागद हाती घेऊन नाही राहिला, वकीलसाहेब. म्हनतात, फाशीच हाय, काहून वेळ घालवता?"

मोरोपंत पंचावन्नचे होते. दम्याने बेजार आणि स्वभावाने तिरसट. दावा हरायचा असला की ते आधीच सांगून टाकत, म्हणून त्यांच्याकडे अशील कमी आणि झोप भरपूर. त्यांनी विचारलं, "विमान चालवणारा काय म्हणतो?"

"तो गोरा साहेब कराचीहून इराणाकडे निघाला अन् दर्यात पडला. शुक्रवारीच. रविवारच्या पेपरात आलं व्हतं."

"आणि कराचीच्या विमानतळाची वही?"

"तिच्यात दोनच शब्द हायेत, फौजदार म्हनत होते. 'कंपनीचा माणूस.' नाव नाही."

मोरोपंतांनी सुपारी कातरायची थांबवली. अशा खटल्यात एखादा तरी साक्षीदार असतो, आणि इथे होता तो समुद्राच्या तळाशी. पेपरात ती बातमी रविवारी आली, आणि सोमवारी केशवराव उगवले, हे त्यांच्या मनात नुसतं टोचून गेलं. केशवराव त्यांचा बालमित्र होता. दोघं मोरोपंतांच्या वडलांकडे, अकोल्यात पंचांग करणाऱ्या तात्यांकडे, एका सतरंजीवर बसून संध्या शिकले होते. त्या माणसावर संशय घ्यायचा म्हणजे घरातल्याच देवावर घेण्यासारखं होतं.

"बाई, मी येतो," ते म्हणाले. "पण एक सांग. तुझा नवरा खोटं बोलतो का?"

नसीमबानोने पहिल्यांदाच त्यांच्याकडे सरळ पाहिलं. "त्याइले खोटं बोलता येत असतं तं आज ते घरी असते."

३

अकोल्याच्या तुरुंगात रहीम गजांमागे उकिडवा बसला होता. चाळिशीचा, बारीक अंगाचा, बोटांची टोकं कापूस चोळून चोळून गुळगुळीत झालेली.

"मालकांनी मले माळावर नेलं, मोटारीत," तो म्हणाला. "मले वाटलं, भांडलो म्हनून रस्त्यात उतरवून देतीन. तं तिथं इमान उभं. म्हने, केशवरावच्या जागी तू जाय. मले त्याच्याशी बोलाचं हाय. मोटारीतच सोतःच्या हातानं मले चामड्याची टोपी घातली, गॉगल लावला, मफलर गुंडाळला; पाहाले जमलेल्या गर्दीले वाटलं, केशवरावच चालले. अन् म्हने, रहीम, तू परत येशीन तेव्हा तुले तुह्या प्रश्नाचं उत्तर भेटन."

उत्तर द्यायचं ठरवलेला माणूस संध्याकाळपर्यंत मेला होता.

"पुढं?"

"अकरा वाजता उडालो. अमदाबादेले तेल भरलं. मंग कराची. उतरलो तं सूर्य बुडूनच राहिला होता. मी खजूर काढला, रोजा सोडला. तिथल्या कापसाच्या शेठजींचा माणूस पेटी घ्याले यायचा होता, आला नाही. कचेरीतल्या बाबूच्या टेबलावर पेटी ठेवली. टोपी काढायचंई सुचलं नाही. कानात नुसती घरघर. रात्री धर्मशाळेत पडलो, सकाळची गाडी धरली."

"प्रवासात रोजा माफ असतो ना?"

"माफ हाय. पन सतरावा होता, साहेब. सोळा झाले होते. मोडाचा कसा?"

"किती वाजता सोडलास?"

"सहा वाजून वीस मिन्टं."

मोरोपंतांनी टिपण घ्यायची पेन्सिल खाली ठेवली. नसीमबानोने त्यांना घरातला रोज्यांच्या वेळांचा छापील तक्ता दाखवला होता, अकोल्याच्या मशिदीत वाटलेला. सतराव्या रोज्यासमोर लिहिलं होतं: पाच त्रेचाळीस. तक्त्याची दुसरी प्रत रहीमच्या खिशात सापडली होती, आणि तीच फौजदारांचा हुकमाचा एक्का होती. बापूसाहेब परवाच हसत हसत म्हणाले होते, "दिवसभर पाण्याचा थेंब न घेतलेला माणूस, हातात खजूर, खिशात तक्ता, आणि सदतीस मिनिटं उगाच थांबतो? वकीलसाहेब, तुमच्या अशिलाला धड खोटंही बोलता येत नाही!"

"तक्त्यात पाच त्रेचाळीस आहे," मोरोपंत हळूच म्हणाले.

"मले ठाव हाय. पाच त्रेचाळीसले मी घड्याळ पाह्यलं, खजूर हाती घेतला. पन सूरज सामने होता, साहेब! डोळ्यांत घुसून राहिला होता. उजेडी मी कसा तोंडात घालू? बसून राहिलो. तो काही बुडेच ना. मले वाटलं, अल्ला माही परीक्षा घेऊन राहिला."

"असं का झालं?"

"मले काय ठाव? मी कापूस पारखतो. सूर्य नाही पारखत."

मोरोपंत बाहेर आले. हे कोर्टात सांगितलं तर लोक हसतील आणि मग फाशी देतील. सहा वीसऐवजी पाच त्रेचाळीस म्हण, असं त्याला शिकवावं का? एका वाक्याचं काम होतं. त्यांनी परत वळून गजांकडे दोन पावलं टाकलीदेखील.

४

शिकवलं नाही. त्याऐवजी ते केशवरावांच्या घरी गेले.

केशवराव अंगणात उघड्या अंगाने तुळशीला पाणी घालत होते. घरातली माणसं दिवाळीपासून अंजनगावला माहेरी गेलेली, घर ओकंबोकं. मोरोपंतांना पाहून त्यांचा चेहरा उजळला.

"ये मोरू! त्या मुसलमानाचं वकीलपत्र घेतलंस म्हणे. घे बाबा, तुझा धंदाच तो. मला राग नाही."

"मला फक्त विमानाचं सांग, केशव. मी कधी बसणार आहे त्यात?"

केशवराव खुलले. सांगू लागले, आणि छान सांगितलं. सातशे मैलांचं अंतर. अहमदाबादचा थांबा धरून सव्वासात तास. अकराला निघालं, सव्वासहाच्या सुमारास पोचलं. वाऱ्याने कान बधिर झाले, खाली नर्मदा सुतळीसारखी दिसली. मोरोपंत मान डोलावत होते आणि मनात म्हणत होते, यातलं प्रत्येक अक्षर विमान कंपनीच्या छापील पत्रकात आहे. पण खोटं ठरवावं असंही त्यात काही नव्हतं.

"आणि संध्या? तुझी चुकली असेल त्या दिवशी."

"माझी?" केशवराव दुखावले. "चाळीस वर्षांत चुकली नाही. तात्यांचं पंचांग होतं माझ्या खिशात. सूर्यास्त पाच एकेचाळीस. घड्याळ हातात धरून बसलो. समोर बिंब टेकलं, बरोबर पाच एकेचाळीस! तात्यांची आठवण आली रे. पाणी नव्हतं, मनातच अर्घ्य दिलं, एकशे आठ जप केला. जप संपेतो मिट्ट काळोख. उतरलो तेव्हा मैदानावर दिवे पेटलेले होते."

तात्यांना जाऊन बारा वर्षं झाली होती. पंचांग अजून मोरोपंतच छापून घेत, नुसतं त्यांचं नाव चालावं म्हणून. आकाशात कुणीतरी ते उघडून वेळ पाहिली, या कल्पनेने त्यांचा ऊर भरून आला. त्या क्षणी त्यांची खात्री पटली की केशव खरं बोलतोय आणि आपला अशील खोटारडा आहे.

निरोप घेताना केशवरावांनी वाकून तांब्या उचलला. त्यांच्या छातीवरचं जानवं पुढे लोंबलं. पांढरंशुभ्र, कोरं. मोरोपंतांनी नकळत सदऱ्यावरून स्वतःच्या जानव्याला हात लावला. श्रावणीला बदललेलं ते घामाने पिवळं पडून गेलं होतं.

"जानवं नवं घातलंस?"

"तुटलं," केशवराव म्हणाले आणि आत गेले.

दाराची कडी आतून लागल्याचा आवाज मोरोपंतांना ऐकू आला. दिवसाढवळ्या.

५

पुढचे दहा दिवस वाईट गेले. ईद आली आणि गेली. नसीमबानो तुरुंगाच्या दाराशी शिरखुर्म्याचा डबा घेऊन उभी राहिली, पहारेकऱ्याने तो आत नेला नाही.

मोरोपंत जिनात गेले. जिथे ढीग होता तिथे मनकर्णाबाई काम करत होती. त्यांनी तिला मुठीतल्या तुकड्याचं विचारलं.

"सूतच व्हतं, दादा. मी फौजदाराले सांगतलं तं तो मलेच वरडला." तिने मूठभर रुई उचलून त्यांच्यापुढे धरली. "पाहा ना. जिनात रुई राहते. पिंजलेली, मोकळी. सूत तं चरख्यावर होते, गिरनीत होते. आमच्या इथं सूत कुठून येईन? अन् ते तीनपदरी व्हतं. पिवळं, मळकं."

मोरोपंत तिथेच एका गाठीवर बसले. तीन पदर.

पण जानवं काय एकट्या केशवलाच होतं? अकोल्यात हजार माणसांच्या गळ्यात जानवं होतं. आणि केशव विमानात असेल तर सुताचं काय मोल? सगळं येऊन अडत होतं त्या एका खुर्चीशी. दोघांनी सांगितलेलं अंतर एक, तास एक, थांबा एक. फरक फक्त सूर्याचा. एकाचा सूर्य वेळेवर बुडाला होता आणि दुसऱ्याचा बुडायला तयार नव्हता.

अमरावतीला परतले तेव्हा कराचीच्या विमानतळाकडून मागवलेलं पत्र येऊन पडलं होतं. विमान सहा वाजून बारा मिनिटांनी उतरलं. प्रवाशाने टोपी आणि गॉगल काढला नाही, त्यामुळे चेहरा सांगता येत नाही. बस, एवढंच. मोरोपंतांनी पत्र घडी करून पंचांगात ठेवलं आणि ठेवता ठेवता पंचांग मागच्या बाजूने उघडलं.

शेवटचं पान. ते कुणी वाचत नाही. छापणारा दरवर्षी विचारायचा, हे पान गाळू का, आणि मोरोपंत केवळ तात्यांचा हट्ट म्हणून ठेवायला सांगायचे. वर मथळा होता: देशांतर. खाली गावांची नावं आणि आकडे. तात्यांचा आवाज त्यांच्या कानात घुमला. पंचांगातला सूर्य आपल्या गावचा असतो, मुलांनो. घड्याळ आगगाडीबरोबर सगळीकडे सारखं झालं, पण सूर्याला कुणी हुकूम सोडलेला नाही. पश्चिमेला जाल तसा तो उशिरा मावळेल. परगावी संध्या करायची तर आधी हे पान पाहा.

मोरोपंतांचं बोट यादीवरून घसरत खाली गेलं. कल्याण. काशी. कराची.

कार्तिकाच्या रकान्यात, अकोल्याच्या वेळेत मिळवायची मिनिटं: छत्तीस.

ते इतक्या जोराने उठले की पानाचा डबा खाली सांडला. पाच एकेचाळीस अधिक छत्तीस. सहा सतरा! विमान दिवसभर सूर्याच्या मागे धावत होतं. अकोल्यात दिवेलागण झाली तेव्हा त्या खुर्चीतल्या माणसाच्या डोळ्यांत ऊन होतं. सहा बाराला तो उतरला तेव्हाही पाच मिनिटांचा सूर्य शिल्लक होता. मग तो बुडाला, आणि तीनेक मिनिटं वाट पाहून सहा वीसला एका उपाशी माणसाने खजूर तोंडात घातला.

खोटं बोलणाऱ्याने तक्त्यातली वेळ सांगितली असती. रहीमने आपल्याच गळ्याला फास बसेल अशी वेळ सांगितली, कारण ती त्याने पाहिली होती.

मोरोपंत टेकले. आनंद व्हायला हवा होता. त्यांना तात्यांच्या ओसरीवरली सतरंजी दिसत होती आणि तिच्यावर बसलेली दोन मुलं.

त्यांनी कराचीला तार केली. दोनच प्रश्न: त्या दिवशी सूर्य किती वाजता मावळला, आणि मैदानावरचे दिवे किती वाजता लावले?

६

मॅजिस्ट्रेटच्या कोर्टात पाय ठेवायला जागा नव्हती. केशवराव साक्षीच्या पिंजऱ्यात स्वच्छ पगडी घालून उभे होते.

मोरोपंतांनी आवाज चढवला नाही. "साक्षीदार, आपण सूर्य मावळताना स्वतः पाहिला?"

"पाहिला."

"विमानातून? डोळ्यांनी?"

"समोरच होता."

"घड्याळात किती वाजले होते?"

"पाच एकेचाळीस. शपथेवर सांगतो."

"चूक होण्याचा संभव?"

"आपल्या वडलांच्या पंचांगात चूक असेल तर होईल," केशवराव म्हणाले. कोर्टात हशा पिकला.

"त्यात चूक नाही," मोरोपंत म्हणाले. "आणि उतरलात तेव्हा?"

"अंधार होता. दिवे लागले होते."

मोरोपंतांनी आधी पंचांग पुढे केलं, शेवटचं पान उघडून. मग कराचीचं पत्र. मग तार, तिच्यात लिहिलं होतं: सूर्यास्त सहा सतरा, दिवे सहा चाळीसला लावले. मॅजिस्ट्रेटने तिन्ही कागद दोनदा वाचले.

"पाच एकेचाळीसला सूर्य मावळताना दिसला," मोरोपंत म्हणाले, "तर तो अकोल्यात. त्या वेळी साक्षीदार अकोल्यात होता. आता बापूसाहेबांनी त्या पाकिटातलं सूत काढावं. ते जानव्याचं आहे की नाही हे या कोर्टातल्या कुणालाही सांगता येईल. आणि साक्षीदाराने सांगावं की श्रावणीला घातलेलं त्याचं जानवं कधी, कुठे आणि कुणाच्या हातात तुटलं."

केशवरावांचा हात छातीकडे गेला आणि तिथेच राहिला. त्यांनी मोरोपंतांकडे पाहिलं. नजरेत राग नव्हता. धडा चुकलेल्या मुलाची नजर होती ती.

"तात्यांनी ते पान शिकवलं होतं," ते पुटपुटले. "मी विसरलो."

७

बाकीचं केशवरावांनी कोर्टामागच्या पडवीत सांगितलं. फौजदार लिहून घेत होते आणि मोरोपंतांना उठून जाता येत नव्हतं.

कुलूप केशवरावांनीच घातलं होतं. किल्ली त्यांच्या जानव्याला बांधलेली असायची. आगीच्या संध्याकाळी ते कचेरीमागे संध्येला बसले होते. दार वाजलं. बाया नेहमीच वाजवत, घरी सोडा म्हणून. जप ऐंशीवर आला होता. पुन्हा दार वाजलं, फार जोरात. नव्वद. जप अर्धा टाकून उठायचं नसतं. एकशे आठ झाले तेव्हा आवाज बंद झाला होता.

"उत्तमराव धावत आला तेव्हा मी डोळे मिटून बसलेला त्याने पाहिला. छातीवर किल्ली. वर्षभर बोलला नाही, जिनाचं नाव जाईल म्हणून. त्या गुरुवारी म्हणाला, पाचला ये, रहीमला पाठवून दिलाय, उद्या मी कलेक्टरला सांगणार. मी पाया पडलो, मोरू. तो म्हणाला, याच दोऱ्याला होती ना किल्ली? आणि धरून ओढला."

तो तुटल्यावर काय झालं, ते रुईच्या ढिगाने सांगितलंच होतं. पुढचे तीन दिवस केशवराव बार्शीटाकळीजवळच्या आपल्या मळ्यातल्या खोपीत लपून होते. पळून जायचा विचार होता. पण रविवारी रस्त्यावरच्या चहाच्या दुकानात त्या दिवशीचा पेपर हाती लागला आणि विमान पडल्याची बातमी दिसली. रिकामी खुर्ची आयतीच सापडली.

मोरोपंत बाहेर आले. रहीम सुटला होता. नसीमबानो त्याच्या बाहीला धरून उभी होती, सोडायला तयार नव्हती. रहीमने हात जोडले. मोरोपंतांना त्याच्याकडे बघवेना. गजांकडे परत टाकलेली ती दोन पावलं त्यांना आठवत होती.

झाडाखाली मनकर्णाबाई बसली होती. ती उठून आली.

"वकीलदादा, एक इचारू? माह्या जयवंतानं दार ठोकलं व्हतं काय?"

नाही म्हणता आलं असतं. धुराने ती आधीच निजली असेल, असं सांगता आलं असतं. चौकशीत फौजदारांनी तेच सांगितलं होतं. मोरोपंतांच्या घशाशी ते वाक्य आलंही.

"ठोकलं होतं, बाई," ते म्हणाले. "दोनदा. आणि ऐकू गेलं होतं."

बाईने जिनाच्या धुराड्याकडे पाहिलं.

"मले हेच पायजे होतं," ती म्हणाली. "सारे म्हनत, बाया गुपचूप मेल्या. माही पोर गुपचूप मरनारी नव्हती." तिने पदराने तोंड पुसलं आणि जिनाच्या रस्त्याने चालू लागली. दुपारचा भोंगा व्हायची वेळ झाली होती.

अमरावतीची गाडी यायला अवकाश होता. अकोला स्टेशनाच्या मुसाफिरखान्यात सूर्य मावळतीला आला तेव्हा मोरोपंतांनी नेहमीच्या सवयीने तांब्या काढला, आसन टाकलं आणि ओंजळीत पाणी घेतलं. मंत्र सुरू झाला होता. तेवढ्यात बाहेरून कुणीतरी मोठ्याने हाक मारली.

त्यांनी ओंजळ तशीच सोडून दिली आणि धोतर सावरत दाराकडे धावले. एक हमाल दुसऱ्या हमालाला बोलावत होता, बाकी काही नव्हतं. मोरोपंत तरी दारातच उभे राहिले. गाडी येईपर्यंत ते परत आसनावर बसले नाहीत.